परदेशात राहून शेअर ट्रेडिंगवर घर चालतं का?

मिरजकर_जर्सी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, आज धागा काढतोय.

न्यू जर्सीत एडिसनजवळ राहतो. वय ४६, ग्रीन कार्ड आहे, नोकरी आयटीत. बायको एका दातांच्या दवाखान्यात अर्धवेळ जाते. मुलगी दहावीत, मुलगा सहावीत. करोनापासून अमेरिकन शेअर आणि ऑप्शन (ठरलेल्या भावाला शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काचे सौदे) करतोय, आणि गेली दोन-तीन वर्षं बरं चाललंय. रिटायरमेंटची खाती सोडून चार लाख डॉलर हाताशी आहेत. घरखर्च महिन्याला आठ हजार. ऑफिसचा आता मनापासून वीट आलाय. वर्षाला २५ टक्के सुटले तर लाखभर डॉलर होतात आणि भागतं, असा माझा हिशेब.

परदेशात राहून कुणी खरंच यावर पोट भरतंय का? अमेरिकेबाहेरच्यांनीही लिहा. फक्त ‘शेअरबाजार म्हणजे जुगार’ हे नको, ते वडिलांनी सांगून झालंय.

दीडशहाणा

पहिल्या रांगेत सतरंजी टाकली आहे. चहा सांगा कुणीतरी.

आकडेमोड

बापू, आधी तुमचाच हिशेब पुढे नेतो.

खर्च ९६ हजार. त्यात आरोग्य विमा धरलाय का? बहुधा नाही, कारण आज तो पगारातून कापला जातो आणि मोठा वाटा कंपनी भरते. अमेरिकेत कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या कुटुंब विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२४ मध्येच साडेपंचवीस हजार डॉलरवर गेला होता. नोकरी सोडल्यावर कोब्रा घेतलात तर तोच विमा १८ महिने चालू राहतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा आणि वर दोन टक्के. म्हणजे झाले सव्वा लाखाच्या आसपास. वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा नफा पगारासारखाच करपात्र, तेव्हा फेडरल आणि जर्सीचा कर धरून आकडा एक लाख पस्तीस हजारांकडे जातो. चार लाखांवर हे २५ नव्हे, ३३ टक्के झाले. वहिनींचा पगार मी यात धरलेला नाही, तो असू दे अडीअडचणीला.

आता वाईट वर्ष घ्या. २०२२ मध्ये एस अँड पी ५०० (अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) सुमारे १९ टक्के पडला. तुमचं खातंही तेवढंच पडलं असं समजू. चार लाखांचे तीन लाख चोवीस हजार. त्यातून घरखर्चाचे ९६ हजार काढले की उरले दोन लाख अठ्ठावीस हजार, विमा अजून भरायचाच आहे. पुढच्या वर्षी नुसता घरखर्च सुटायला ४२ टक्के हवेत. नोकरी असताना १९ टक्के पडणं ही कागदावरची गोष्ट असते, कारण तिथून पैसे काढावे लागत नाहीत.

मिरजकर_जर्सी

विमा धरला नव्हता हे खरं. पण आकडेमोड, मी नुसता घेऊन बसणारा नाही. पडत्या बाजारात पुट (भाव पडला तर फायदा देणारा ऑप्शन) घेतो, शॉर्ट करतो (हातात नसलेला शेअर आधी विकून नंतर घेतो). इंडेक्स पडला म्हणजे मी पडलो असं का धरायचं?

आकडेमोड

धरू नका. पण बाजार पडला तरी मी कमावणार, हेही धरू नका. ब्राझीलमध्ये २०१३ ते २०१५ या काळात फ्युचर्सचं (पुढच्या तारखेच्या सौद्यांचं) डे ट्रेडिंग सुरू केलेल्या लोकांचा अभ्यास झाला होता. जे ३०० दिवसांहून जास्त टिकले त्यांच्यातले ९७ टक्के तोट्यात. तिथल्या किमान वेतनाहून जास्त कमाई झालेले १.१ टक्के. आणि हे चिवट लोक होते, मध्येच सोडून गेलेले नव्हेत.

आपल्याकडचं पाहायचं तर सेबीने (भारतातल्या शेअरबाजाराच्या नियामकाने) सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्क्यांना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. पुढच्या वर्षीचा आकडा ९१ टक्के. त्याच अहवालात नफा कुणाला झाला तेही आहे: ब्रोकरांच्या स्वतःच्या डेस्कना आणि परदेशी संस्थांना, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून. समोर कोण बसलंय एवढं बघून मग बटण दाबावं.

मुक्काम_दुबई

दुबईचं लिहितो. इथे वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं की ट्रेडरसाठी हा स्वर्ग. वेळही सोयीची: एनएसई (भारतातला राष्ट्रीय शेअरबाजार) उघडतं तेव्हा इथे पावणेआठ, बंद होतं तेव्हा दुपारचे दोन.

पण आपण एनआरआय. भारतातल्या शेअरमध्ये आपल्याला इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) करता येत नाही, शॉर्ट करता येत नाही, डिलिव्हरी (शेअर खात्यात जमा होणं) यायच्या आत विकताही येत नाही. सगळं डिलिव्हरीवर. फ्युचर्स-ऑप्शन चालतात पण एनआरओ (एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या) खात्यातून, आणि तो पैसा सहज परत नेता येत नाही. दुबईत कर नसला तरी भारत सोडत नाही. शेअरच्या अल्पकालीन नफ्यावर जुलै २०२४ पासून २० टक्के, दीर्घकालीनवर १२.५ टक्के, आणि आपल्या बाबतीत ब्रोकर किंवा बँक आधी कापून घेते, मग रिटर्न भरून जास्तीचं परत मागायचं.

मुख्य अडचण व्हिसाची. माझा व्हिसा कंपनीचा. नोकरी गेली की मुदतीत दुसरी बघायची किंवा गाशा गुंडाळायचा. ट्रेडिंग करतो म्हणून कुणी व्हिसा देत नाही. वीस लाख दिरहमची मालमत्ता घेतली तर गोल्डन व्हिसा मिळतो. ज्याच्याकडे वीस लाख दिरहम आहेत तो ट्रेडिंगवर घर कशाला चालवेल?

इथे करामा, बर दुबईत ‘फुलटाइम ट्रेडर’ म्हणवणारे बरेच भेटतात. नीट चौकशी केली की कळतं, बायको शाळेत शिक्षिका आहे किंवा नर्स, आणि घरभाडं तिच्या पगारातून जातं.

चकलीताई

मुक्काम_दुबई, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. आमच्या नात्यातही असाच एक फुलटाइम ट्रेडर आहे. ती बिचारी रात्रपाळी करते आणि हे फोनवर ‘मार्केट आज साइडवेज आहे’ सांगतात.

कोथरूडचा_सीए

दोन दिवस धागा वाचतोय. कुणी अजून तो विषय काढला नाही म्हणून मीच काढतो: सासऱ्यांच्या किंवा वडिलांच्या नावावरचं डिमॅट, म्हणजे शेअरचं खातं.

आमच्याकडे दर जुलैत ही प्रकरणं येतात. मुलगा परदेशात, इंट्राडे करता येत नाही, म्हणून वडिलांचं खातं उघडलेलं. पासवर्ड मुलाकडे, ओटीपी वडिलांच्या फोनवर. सकाळी सव्वानऊला मुलाचा व्हिडिओ कॉल येतो आणि वडील चष्मा शोधत आकडे वाचून दाखवतात. वर्षअखेरीला कळतं की पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या नावावर काही कोटींची उलाढाल आहे. मग साधं रिटर्न चालत नाही, आयटीआर-३ भरायचा, कारण ऑप्शनचं उत्पन्न धंद्याचं. इंट्राडेचा तोटा सट्ट्यात जातो, तो फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो आणि चारच वर्षं पुढे नेता येतो. नोटीस आली तर ती वडिलांच्या नावाने येते, मुलाच्या नव्हे. पैसा खरा कुणाचा, हा प्रश्न भारतातही विचारला जातो आणि मुलगा अमेरिकेत असेल तर तिथेही.

दुसरं, परदेशी गेल्यावर जुनं निवासी डिमॅट तसंच चालू ठेवणारे पुष्कळ. ते एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं. फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) उल्लंघनाचा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

अमेरिकेतल्यांनी भारतीय म्युच्युअल फंडांपासून तर चार हात लांबच राहावं. तिथलं आयकर खातं त्यांना पीएफआयसी (परदेशी निष्क्रिय गुंतवणूक कंपनी) म्हणतं आणि त्याचा फॉर्म भरून घ्यायला सीपीए (तिथला सीए) जी फी लावतो ती कधी कधी फंडाच्या नफ्याहून जास्त असते.

मिरजकर_जर्सी

सीएसाहेब, भारतात ट्रेड करण्याचा विचारच नाही. इथून एनएसई म्हणजे उन्हाळ्यात रात्री पावणेबारा ते सकाळी सहा. या वयात जमणार नाही.

नवी_आयडी

मी एच-४ वर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) आहे, ईएडी (कामाचा परवाना) नाही. घरी बसून ट्रेडिंग केलं तर चालेल का? प्लीज सांगा.

पहाटवारा

नवी_आयडी, स्वतःच्या पैशाची गुंतवणूक करणं सहसा काम धरलं जात नाही, आणि पुष्कळजणी करतातही. पण रोज दिवसभर धंद्यासारखं करायचं, वर करात ‘मी ट्रेडर आहे’ असा दावा करून खर्च वजा मागायचा, तर ते व्हिसाच्या नियमात बसेल का हा धूसर भाग आहे. हे इमिग्रेशनच्या वकिलालाच विचारा, इथल्या कुणाचं, अगदी माझंही, ऐकू नका. आणि यजमान एच-१बी वर असतील तर त्यांची नोकरी गेल्यावर ६० दिवस असतात. खात्यात कितीही नफा असला तरी घड्याळ थांबत नाही.

आता बापूंसाठी. मी सिएटलजवळ राहते, पूर्णवेळ ट्रेडिंग करते, आणि हो, माझं बरं चाललंय. पण विमा नवऱ्याच्या नोकरीतून, घराचा हप्ताही त्याच्याच पगारातून. माझ्या कमाईतून मुलांच्या कॉलेजचा निधी आणि भारतवाऱ्या. ती कमाई शून्य झाली तर आम्ही कुरकुरू, पण घर सोडावं लागणार नाही. तुमचं प्रकरण वेगळं आहे.

इथे बाजार सकाळी साडेसहाला उघडतो, दुपारी एकला बंद. मुलांची शाळा सुटायच्या आत माझं दुकान आवरलेलं असतं. तुमच्याकडे साडेनऊ ते चार, म्हणजे नोकरी सांभाळून करणं अवघडच.

पहिला अर्धा तास मी हात लावत नाही. ऑप्शनमध्ये तेव्हा भावातला फरक फार रुंद असतो. घेणारा २.१० देतोय, विकणारा २.४० मागतोय. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) मारली की २.४० ला मिळालं, आणि त्याच क्षणी विकायचं म्हटलं तर २.१०. शंभर शेअरच्या एका कॉन्ट्रॅक्टमागे ३० डॉलर गेले, साडेबारा टक्के, शेअर जागचा हललेलाही नसताना. असे दिवसात पाच-सहा सौदे करणारी माणसं ‘माझी स्ट्रॅटेजी बरोबर आहे पण पैसे उरत नाहीत’ म्हणतात. मी लिमिट (माझा ठरलेला भाव) लावते, मधल्या भावाला मिळालं तर घेते, नाही मिळालं तर त्या दिवशी भाज्या लवकर चिरून होतात.

पुट-कॉल (कॉल म्हणजे भाव चढला तर फायदा देणारा ऑप्शन) विकून दरमहा ‘भाडं’ खाणारे खूप आहेत. शांत महिन्यांत ते छान चालतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये आयात शुल्काच्या घोषणेनंतर ३ आणि ४ तारखेला एस अँड पी दोन दिवसांत दहा टक्क्यांहून जास्त पडला आणि ९ तारखेला एका दिवसात साडेनऊ टक्के वर गेला. पडताना पुट विकणारे बुडाले. घाबरून उलट्या बाजूला गेले ते ९ तारखेला बुडाले.

दीडशहाणा

थोडक्यात: ट्रेडिंगवर जगायचं तर नोकरीवाला नवरा किंवा बायको हवी. स्थळं बघायला लागा मंडळी. (हलके घ्या.)

राईनकाठ

जर्मनीची भर. इथे शेअरच्या नफ्यावर सरसकट २५ टक्के आणि त्यावर सॉलिडॅरिटी अधिभार, मिळून २६.३७५. चर्चचा कर भरत असाल तर अजून थोडा. माणशी वर्षाला हजार युरो माफ. ब्रोकर परस्पर कापतो, कागदपत्रांची कटकट कमी, हा भाग मला आवडतो.

पण शेअरमधला तोटा फक्त शेअरच्याच नफ्यातून वळता होतो, डिव्हिडंडमधून नाही. आणि नोकरी सोडून सरकारी आरोग्य विम्यात स्वेच्छेने राहिलात तर हप्ता सगळ्या उत्पन्नावर बसतो, भांडवली नफाही त्यात आला. बायकोच्या विम्यात फुकट शिरू म्हणाल, तर तुमचं उत्पन्न महिन्याला साडेपाचशे युरोच्या आसपास असेपर्यंतच. म्हणजे ट्रेडिंग चांगलं चाललं की विम्यातून बाहेर!

ब्लू कार्डवाल्यांनी (नोकरीवर मिळणारा वास्तव्य परवाना) तर हा विचार कायम वास्तव्य मिळेपर्यंत खुंटीला टांगून ठेवावा.

लंडनचा_पाऊस

यूकेत स्प्रेड बेटिंगच्या (शेअर न घेता भावाच्या चढउतारावर लावलेल्या पैजेच्या) नफ्यावर कर नाही, म्हणून इथली आपली पोरं त्याच्या मागे असतात. २०१८ मध्ये युरोपच्या नियामकाने तपासलं तेव्हा सीएफडी (तशाच, फक्त भावातल्या फरकाच्या सौद्यांच्या) खात्यांतली ७४ ते ८९ टक्के तोट्यात होती. आता प्रत्येक कंपनीला स्वतःचा आकडा जाहिरातीखाली छापावा लागतो. तो वाचूनही लोक खातं उघडतात. सरकार कर का मागत नाही, ते त्यातच आलं.

विट्याचा_पैलवान

एवढं घाबरवू नका त्यांना. शिकून केलं तर जमतं. मी एक ऑनलाइन कोर्स केला, सर स्वतः लाइव्ह ट्रेड दाखवतात. बापू, व्यनि (खाजगी निरोप) करा, लिंक देतो.

कोथरूडचा_सीए

पैलवान, लिंक देण्याआधी सर सेबीकडे नोंदणीकृत आहेत का ते बघा. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या कर्जतच्या एका ट्रेडिंग अकादमीवर सेबीने अंतरिम आदेश काढला, ५४६ कोटी गोठवले. शिकवण्याच्या नावाखाली विनानोंदणी सल्ला दिल्याचं सेबीचं म्हणणं आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण जमा झालेली फी बघा. या धंद्यात खात्रीचं उत्पन्न शिकवण्यातच दिसतं.

विट्याचा_पैलवान

आमचे सर तसे नाहीत.

आकडेमोड

बापू, जर्सीच्या करातली एक गोष्ट राहिली. फेडरल करात तोटा झाला तर भांडवली नफ्यातून वळता करून वर पगारातून ३,००० डॉलर वजा करता येतात, उरलेला पुढे नेता येतो. जर्सी हे मानत नाही. त्या वर्षी नफ्यातून वळता झाला तर झाला, उरलेला तोटा पुढच्या वर्षी नेता येत नाही. यंदा ६० हजार गेले आणि पुढच्या वर्षी ६० हजार आले तर तुमच्या मते तुम्ही जिथल्या तिथे. ट्रेंटनच्या (जर्सीच्या राजधानीच्या) मते तुम्ही ६० हजार कमावले, कर भरा.

वॉश सेलही बघून ठेवा. तोट्यात विकलेला शेअर ३० दिवस आधी किंवा नंतर पुन्हा घेतला तर तो तोटा आत्ता धरता येत नाही, नव्या खरेदीच्या किमतीत मिसळतो. दिवसात तीनदा एकच शेअर घेणाऱ्याचं डिसेंबरचं स्टेटमेंट बघून रडू येतं. पूर्णवेळ ट्रेडर म्हणून पात्र असाल तर करकायद्यातल्या कलम ४७५(एफ) चा पर्याय घेता येतो, मग वॉश सेल आणि तीन हजारांची मर्यादा दोन्ही जातात. पण तो चालू वर्षासाठी १५ एप्रिलच्या आत कळवावा लागतो. वर्ष संपल्यावर ‘आता तोटा झालाय, तर घेतो’ हे चालत नाही.

मिरजकर_जर्सी

जर्सीचं हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

दोन गोष्टी तरीही मांडतो. एक, नोकरी म्हणजे सुरक्षित हे गृहीत का? माझ्या टीममधले निम्मे लोक गेल्या वर्षी एका ईमेलवर गेले. दोन, भांडवलाचा मला अडथळा नाही, ते पुरेसं आहे. अडचण पैशाची कमी आणि पगाराच्या शेपटीला बांधलेल्या गोष्टींचीच जास्त दिसते.

पहाटवारा

तेच तर. त्या शेपटीत अजून एक आहे, सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन. ट्रेडिंगचा नफा ‘कमावलेलं उत्पन्न’ धरत नाहीत. त्यावर सोशल सिक्युरिटीचा कर नाही हे ऐकून लोक खूष होतात, पण मग क्रेडिटही नाही. ४० क्रेडिट म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी, ती तुमची झाली असेल. पण पेन्शन सर्वात जास्त कमाईच्या ३५ वर्षांवर काढतात आणि कमी पडणारी वर्षं शून्य म्हणून धरतात. ४६ व्या वर्षी थांबलात तर किती शून्यं पडतील मोजा. भारत-अमेरिका असा करारही नाही की तिकडच्या नोकरीची वर्षं इकडे जोडता येतील. आयआरएमध्येही (स्वतःच्या निवृत्ती खात्यात) ट्रेडिंगच्या नफ्यातून पैसे भरता येत नाहीत. तिथे वहिनींचा अर्धवेळ पगार कामाला येईल, त्यावर तुमच्या नावानेही आयआरए भरता येतो.

घराचं कर्ज पुन्हा घ्यायचं असेल तर नोकरी सोडण्याआधी घ्या. नंतर बँक दोन वर्षांची रिटर्नं मागते आणि एक वर्ष वाईट असलं की नाकं मुरडते.

तुमच्या जागी मी असते तर वहिनींना विमा देणारी नोकरी मिळते का ते आधी बघितलं असतं. शाळा, काउंटी, हॉस्पिटल. पगार बेताचा चालेल. हे तुमच्याइतकंच त्यांना पटायला हवं, आणि ते तुम्ही विचारलंय का हे धाग्यात कुठे दिसलं नाही.

चकलीताई

हेच टंकत होते.

मिरजकर_जर्सी

विचारलेलं नाही अजून. ती हा धागा वाचते की काय कोण जाणे.

मुलगी कॉलेजला जाईपर्यंत नोकरी सोडत नाही, हे नक्की. तोवर चारातले एक लाख वेगळ्या खात्यात काढतो आणि फक्त त्यावर काय सुटतं ते बघतो, कर-बिर वजा करून. दुसरा विचार असा की नंतर मिरजेलाच परत जायचं आणि तिथून अमेरिकन बाजार करायचा. घर आहे, खर्च चौथाई. याचं कुणाला माहीत आहे का?

कोथरूडचा_सीए

परत आल्यावर दोन-तीन वर्षं आरएनओआर (निवासी, पण सर्वसाधारण निवासी नव्हे) म्हणून मिळू शकतात, तेव्हा परदेशात झालेल्या आणि तिथेच जमा झालेल्या नफ्यावर इथे सहसा कर लागत नाही. नंतर जगभरच्या उत्पन्नावर लागतो, आणि परदेशी खाती रिटर्नमध्ये दाखवावी लागतात. परदेशात असताना कमावलेला पैसा तिथेच ठेवायला फेमा परवानगी देतो. पण इथून नव्याने पाठवायचा झाला तर एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा, आणि तो पैसा परदेशी एक्सचेंजच्या मार्जिनसाठी (सौद्यापोटी ठेवायच्या तारण रकमेसाठी) पाठवता येत नाही. तेव्हा ऑप्शन विकायचे असतील तर भांडवल तिथलंच लागेल. ग्रीन कार्डवर कायमचं इथे राहता येणार नाही. ते सोडायचं की आधी नागरिकत्व घ्यायचं, हे तिथल्या वकिलाकडून समजून घ्या. नागरिक झालात तर अमेरिकेचा कर मिरजेपर्यंत येतो.

आणि निघण्याआधी ब्रोकरला लेखी विचारा की पत्ता भारताचा झाल्यावर खातं चालू राहील का. काही ब्रोकर बंद करायला सांगतात, काही फक्त विकू देतात.

मुक्काम_दुबई

वेळेचंही बघा बापू. मिरजेत अमेरिकन बाजार उन्हाळ्यात संध्याकाळी सात ते रात्री दीड, हिवाळ्यात आठ ते अडीच. एनएसईसाठी जर्सीत जागायला नको म्हणालात, मिरजेतही जागरण आलंच.

मिरजकर_जर्सी

दीडपर्यंत चालेल. पहिले दोन तास करून झोपायचं. ब्रोकरला आजच ईमेल टाकतो, उत्तर आलं की इथे डकवतो.